वखारीतला विश्वविजेता

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला वखार हा शब्द दोन वेळा भेटतो. पहिल्यांदा शाळेच्या इतिहासात, इंग्रजांची वखार म्हणून. दुसऱ्यांदा घराची दारे-खिडक्या करायला काढल्यावर, लाकडाची वखार म्हणून. आपले गुजराती शेजारी तिला लाती म्हणतात. डांगचे सागवान बाहेर आणण्यासाठी गायकवाड सरकारने बिलिमोरा ते वघई अशी छोटी रेल्वे टाकली होती, त्यामुळे लाकडाचा धंदा आपल्या भागाला नवा नाही.

या लेखातली वखार इंग्रजाचीच आहे, पण लाकडाची. इंग्लंडच्या सरे परगण्यात ओकहॅम नावाच्या खेड्याजवळ ती होती. एका बाजूला ओंडके कापले जात आणि त्याच आवारातल्या लाकडी शेडमध्ये चार-दोन मेकॅनिक शर्यतीच्या मोटारी जोडत. त्या शेडमधून निघालेल्या गाडीने १९७१ साली फेरारीसारख्या बड्यांना मागे टाकून जागतिक अजिंक्यपद मिळवले. वखारीच्या मालकाचे नाव केन टायरेल.

ज्यांच्या घरी मुले रविवारी टीव्हीपुढे बसून फॉर्म्युला वन पाहतात, त्यांना हा खेळ माहीत आहे. ज्येष्ठांसाठी थोडक्यात सांगतो. एकच माणूस बसेल अशी, वरून उघडी, चाके बाहेर असलेली गाडी. वर्षभर वेगवेगळ्या देशांत शर्यती होतात, प्रत्येक शर्यतीचे गुण मिळतात आणि वर्षाअखेर दोन अजिंक्यपदे दिली जातात, एक चालकाला आणि एक गाडी बनवणाऱ्या संघाला. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ही शर्यत दिल्लीजवळ ग्रेटर नोएडालाही झाली. आज या खेळात मोठमोठ्या मोटार कंपन्या आहेत आणि एकेका संघात शेकड्यांनी माणसे काम करतात. टायरेल यांच्या काळात हे काम मूठभर माणसे करत असत. ते त्यांनी कसे केले आणि पुढे ते का जमेनासे झाले, या दोन्ही गोष्टी लहान उद्योगांच्या या शहरात सांगण्यासारख्या आहेत.

केन टायरेल यांचा जन्म ३ मे १९२४ रोजी सरे परगण्यातल्याच ईस्ट हॉर्स्ली या गावी झाला. घर साधे होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले आणि बॉम्बफेकी विमानांवर फ्लाइट इंजिनिअर म्हणून काम केले. वैमानिक विमान चालवतो. फ्लाइट इंजिनिअर इंजिने, पेट्रोल आणि यंत्रांचे काटे सांभाळतो. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे केले त्याची तालीम इथेच झाली असे म्हणता येईल. दुसरा चालवत असतो आणि त्याचे यंत्र आपण राखायचे असते. युद्ध संपल्यावर ते घरच्या धंद्यात आले. टायरेल ब्रदर्स हे त्या धंद्याचे नाव. झाडे विकत घ्यायची, तोडायची, कापून विकायची.

युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये विमानतळ उदंड झाले होते आणि विमाने उरली नव्हती. सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, गुडवुड ही आज प्रसिद्ध असलेली शर्यतीची मैदाने मुळात हवाई दलाचे तळ होते. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवरच पुढे अनेक वर्षे शर्यती झाल्या. पैसा मात्र कोणाजवळ नव्हता. म्हणून स्वस्तातला एक प्रकार निघाला: छोटासा सांगाडा आणि त्याच्या मागच्या बाजूला ५०० सीसीचे मोटारसायकलचे इंजिन. सर्बिटन गावात चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांचे गॅरेज होते. ते अशा गाड्या बनवून विकत. गावच्या फुटबॉल क्लबाची बस सिल्व्हरस्टोनला शर्यत पाहायला निघाली, त्या सहलीत केनही गेले आणि या छोट्या गाड्यांच्या प्रेमात पडले. १९५२ साली नॉर्टन इंजिनाची कूपर घेऊन ते स्वतःच शर्यतीत उतरले.

सहा-सात वर्षे त्यांनी गाडी चालवली. काही शर्यती जिंकल्या, बऱ्याच वेळा पहिल्या काहींत आले, १९५८ मध्ये वरच्या वर्गात, म्हणजे फॉर्म्युला टूमध्ये गेले. हौशी माणसाला हे भूषणावह होते. पण केन यांनी स्वतःचा हिशेब घातला, तो अगदी कोरडेपणाने. आपण बरे चालक आहोत, उत्तम नाही आणि होणारही नाही, हे त्यांनी ओळखले. १९५९ साली त्यांनी स्टिअरिंग सोडले. वय पस्तीस.

त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असे विचारले तर जिंकलेल्या अजिंक्यपदांऐवजी मी ही सांगेन. हौस असणे आणि गुण असणे यांतला फरक ओळखणारी माणसे थोडी. ओळखल्यावर बहुतेक जण खट्टू होऊन घरी बसतात किंवा खुर्चीला चिकटून राहतात. केन यांनी खुर्ची सोडली, घरही गाठले नाही. गाडीत दुसऱ्याला बसवायचे आणि त्याच्यासाठी आपण राबायचे, असे त्यांनी ठरवले. मंडळाच्या कामात आयुष्य घालवलेल्या वाचकांना हा माणूस ओळखीचा वाटेल. मिरवणुकीच्या फोटोत तो कडेला असतो, पण मंडप त्याच्यामुळे उभा असतो.

१९६० पासून टायरेल रेसिंग ऑर्गनायझेशन या नावाने त्यांचा संघ सुरू झाला. नाव भारदस्त, जागा वखारीतली शेड. नव्या होतकरू चालकांसाठी तेव्हा फॉर्म्युला ज्युनिअर हा वर्ग होता. त्यात कूपरच्या गाड्या ते उतरवत. मोटारसायकलचा विश्वविजेता जॉन सर्टीज चार चाकांवर पहिली शर्यत धावला ती १९६० मध्ये गुडवुडला, टायरेल यांच्याच गाडीतून, आणि पहिल्याच दिवशी दुसरा आला. हेच सर्टीज १९६४ मध्ये मोटारीचेही विश्वविजेते झाले. दोन चाके आणि चार चाके, दोन्हींतला विश्वविजेता आजवर हा एकच.

माणूस पारखण्याची केन यांची रीत साधी होती. १९६४ च्या सुरुवातीला गुडवुडच्या मैदानाच्या व्यवस्थापकाने त्यांना एका तरुण स्कॉटिश चालकाबद्दल सांगितले. जॅकी स्ट्युअर्ट हे त्याचे नाव. वडिलांचे गॅरेज, पंधराव्या वर्षी शाळा सुटलेली, नेमबाजीत मात्र तरबेज. वाचता-लिहिताना त्याची अक्षरांशी झटापट होई. तो डिस्लेक्सिया होता हे त्याला स्वतःला मध्यम वयात कळले. केन यांनी त्याला गुडवुडला बोलावले. तिथे ब्रूस मॅकलॅरन होते, तेव्हा फॉर्म्युला वनमधले कूपर संघाचे नावाजलेले चालक. त्यांनी नवी गाडी फिरवून वेळ लावून दिली. नंतर स्ट्युअर्ट बसला आणि थोड्याच फेऱ्यांत त्याने ती वेळ मोडली. मॅकलॅरन पुन्हा गेले, आणखी जोरात आले. स्ट्युअर्टने तेही मोडले. त्या दुपारनंतर आणखी परीक्षा घ्यायची गरज राहिली नाही. त्या मोसमात स्ट्युअर्टने टायरेल यांच्या गाडीतून फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतींमागून शर्यती जिंकल्या.

पुढची तीन वर्षे स्ट्युअर्ट फॉर्म्युला वनमध्ये बीआरएम या दुसऱ्या संघाकडे होते. केन यांनी अडवले नाही. त्यांच्याकडे फॉर्म्युला वनची गाडीच नव्हती. खालच्या वर्गात दोघे एकत्र काम करत राहिले, ते आता मात्रा या फ्रेंच विमान-क्षेपणास्त्र कंपनीच्या गाड्यांवर.

जून १९६७ मध्ये हॉलंडच्या झांडफोर्टला एक नवे इंजिन पहिल्यांदा धावले. फोर्डचा पैसा आणि कॉसवर्थ या छोट्या इंग्रज कंपनीचे काम. नाव डीएफव्ही, तीन लिटर, आठ सिलिंडर. पहिल्याच शर्यतीत ते लोटस गाडीतून जिंकले. केन यांनी ते पाहिले आणि स्वतःचा फॉर्म्युला वनचा संघ जमायच्या आधीच इंजिनांची मागणी नोंदवली. एका इंजिनाची किंमत साडेसात हजार पौंड होती. त्या काळी ही मोठी रक्कम, पण पैसे भरले की इंजिन कोणालाही मिळे, हे महत्त्वाचे.

आपल्या सुरतेचे कापड कसे तयार होते? सूत एकाचे, माग दुसऱ्याचे, रंगाई-छपाई तिसऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये, आणि जरीकाम चौथ्या घरी. म्हणूनच इथे दहा-वीस मागांचा मालकही बाजारात उभा राहू शकतो; त्याला अख्खी गिरणी काढावी लागत नाही. इंग्लंडमध्ये मोटार शर्यतीचे नेमके असेच झाले होते. इंजिन कॉसवर्थचे, गिअरबॉक्स ह्यूलँड नावाच्या कारखान्याचा, टायर डनलॉप किंवा गुडइयरचे. फेरारीला सगळे स्वतः बनवावे लागे; टायरेल यांना सांगाडा, जोडणी आणि माणसे एवढेच नीट राखायचे होते. वखारीतून विश्वविजेता निघाला त्याचे रहस्य या सोयीत आहे. आणि ही सोय जशी संपली तशी टायरेल यांची उतरण सुरू झाली.

१९६८ मध्ये केन यांनी मात्राचा सांगाडा, कॉसवर्थचे इंजिन आणि स्ट्युअर्ट यांना एकत्र आणले. फ्रान्सच्या एल्फ या तेल कंपनीचे पाठबळ मिळाले. त्या वर्षी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगच्या डोंगराळ वाटेवर धुके इतके होते की पुढची गाडी दिसत नव्हती, वर पाऊस. स्ट्युअर्ट यांचे मनगट मोडलेले, हाताला प्लास्टर. त्यांना गाडी बाहेर काढायची नव्हती. केन यांनी त्यांना काढायला लावली. स्ट्युअर्ट ती शर्यत चार मिनिटांहून अधिक अंतराने जिंकले. पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, याच जोडीने सहा शर्यती आणि विश्वविजेतेपद जिंकले.

आणि इथेच पेच पडला. मात्राला आता स्वतःचे बारा सिलिंडरचे इंजिन वापरायचे होते. टायरेल आणि स्ट्युअर्ट यांचा विश्वास कॉसवर्थवर. जगज्जेत्या संघाकडे १९७० साठी गाडीच उरली नाही. केन यांनी मार्च या नव्या कारखान्याच्या तयार गाड्या विकत घेतल्या. स्पेनची शर्यत जिंकलीही, पण ती गाडी टिकाऊ यशाची नव्हती. तेव्हा केन यांनी गुपचूप दुसरा मार्ग धरला. डेरेक गार्डनर नावाच्या अभियंत्याला त्यांनी गाठले. त्याने याआधी शर्यतीची अख्खी गाडी कधी आखलेली नव्हती. त्याने आपल्या घरीच बसून गाडीचा आराखडा केला. बाहेर कोणाला पत्ता नव्हता. ऑगस्ट १९७० मध्ये निळ्या रंगाची ती गाडी लोकांपुढे आली, नाव टायरेल ००१. महिन्याभरात कॅनडाच्या शर्यतीत ती सर्वांच्या पुढच्या जागेवर उभी होती.

१९७१ च्या मोसमात अकरा शर्यती झाल्या. स्ट्युअर्ट यांनी सहा जिंकल्या आणि त्यांचा तरुण फ्रेंच सहकारी फ्रान्स्वा सेव्हेर याने अमेरिकेतली एक. चालकाचे आणि संघाचे, दोन्ही अजिंक्यपदे ओकहॅमच्या वखारीत आली. स्वतःच्या नावाची गाडी बनवण्याचे ते पहिलेच पूर्ण वर्ष होते.

केन अंगाने धिप्पाड, आवाजाने त्याहून मोठे. कोणी हलगर्जीपणा केला तर असे तापत की त्यांच्या माणसांनी त्या भडिमाराला तोंडाच्या फेसावरून एक नावच देऊन टाकले होते. पण राग पाच मिनिटांचा. मनात ठेवणे नाही. पत्नी नोरा शर्यतीच्या ठिकाणी सगळ्यांच्या खाण्यापिण्याचे पाहत. मेकॅनिक आणि जगज्जेता एकाच ताटातले सँडविच खात. स्ट्युअर्ट यांच्याशी त्यांचा कधी लेखी करार झाला नाही. हात मिळवला की व्यवहार पक्का. आपल्या हिरेबाजारात आजही लाखोंचा माल शब्दावर जातो, त्यामुळे सुरतकराला यात अचंबा वाटणार नाही. पण तो शब्द पाळण्यासाठी किती संयम लागतो, हेही सुरतकरच जाणतो.

एक काळी बाजू सांगायला हवी. त्या काळी मोटार शर्यत म्हणजे मरणाशी गाठ होती. मैदानाच्या कडेला झाडे, खांब, नाहीतर कच्चे बसवलेले लोखंडी कठडे. डॉक्टर असला तर असला. १९६६ मध्ये बेल्जियममधल्या अपघातात स्ट्युअर्ट स्वतः पेट्रोलने भिजलेल्या गाडीत अडकून पडले होते. त्यानंतर त्यांनी कठडे, डॉक्टर, सीटबेल्ट, चेहरा झाकणारे हेल्मेट यांसाठी लढा दिला. मैदानाचे मालक चिडले, काही जुन्या चालकांनी भित्रा म्हटले. टायरेल मात्र त्यांच्या पाठीशी राहिले.

१९७३ च्या एप्रिलमध्ये स्ट्युअर्ट यांनी केन यांना सांगितले की या मोसमाअखेर आपण थांबणार. ही गोष्ट दोन-तीन माणसांतच राहिली. सेव्हेरलाही सांगितले नव्हते. पुढच्या वर्षी संघाचा पहिला चालक तोच होणार होता. त्या वर्षी तीन वेळा स्ट्युअर्ट पहिले आणि सेव्हेर दुसरा असा निकाल लागला. जाणकारांना दिसत होते की शिष्य आता गुरूच्या बरोबरीला आला आहे. स्ट्युअर्ट यांचे तिसरे विश्वविजेतेपद इटलीतच नक्की झाले. शेवटची शर्यत अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला होती आणि ती त्यांची शंभरावी ठरणार होती.

६ ऑक्टोबर १९७३ रोजी, आदल्या दिवशीच्या सरावात, सेव्हेरची गाडी लोखंडी कठड्यावर आदळली. तो जागीच गेला. वय एकोणतीस. टायरेल यांनी संघ मागे घेतला. स्ट्युअर्ट यांची शंभरावी शर्यत झालीच नाही. ते नव्याण्णववर थांबले. संघाचे अजिंक्यपद अजून हातात येऊ शकत होते, ते लोटसकडे गेले. त्या मोबदल्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसणार.

एका दिवसात दोन्ही चालक गेले, एक निवृत्तीने आणि एक मरणाने. केन यांनी धंदा बंद केला असता तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी पुढच्या वर्षी जोडी शेक्टर आणि पॅट्रिक डेपाये या दोन नव्या मुलांना बसवले, आणि स्वीडनमध्ये दोघांनी पहिला-दुसरा क्रमांक काढला.

यानंतरची गोष्ट आमच्यासारख्या मेकॅनिकल डिप्लोमावाल्यांची विशेष आवडती. शर्यतीच्या गाडीची पुढची चाके मोठी आणि उघडी असतात, ती वारा अडवतात. गार्डनर यांनी विचार केला की पुढची चाके इतकी लहान करावी की ती नाकाच्या आडोशाला लपतील. पण लहान चाकाचे रबर रस्त्याला कमी टेकते, मग पकड कमी. त्यावर उपाय काय? दोनाऐवजी चार लावायची. अशी पुढे दहा इंची चार आणि मागे मोठी दोन, मिळून सहा चाकांची गाडी तयार झाली, पी-३४. सप्टेंबर १९७५ मध्ये ती दाखवली तेव्हा अनेकांना ती थट्टाच वाटली. १३ जून १९७६ रोजी स्वीडनमध्ये तीच गाडी पहिली आली आणि दुसरीही. मोसमाअखेर शेक्टर तिसरा आणि डेपाये चौथा. सहा चाकांची गाडी जिंकली ती एवढीच एक फॉर्म्युला वन शर्यत.

मग बंद का पडली? कारण दहा इंची टायर जगात एकाच संघाला लागत होते. गुडइयर कंपनी बाकीच्या सर्वांसाठी मोठे टायर वर्षभर सुधारत राहिली. लहान टायरसाठी तेवढी मेहनत कोण घेणार? मागची पकड वाढत गेली, पुढची तिथेच राहिली, गाडी बिघडली. कल्पना चुकीची नव्हती. पण दुसऱ्याच्या मालावर उभा असलेला लहान कारखानदार बाजारापेक्षा फार वेगळे काही करू लागला, तर कच्चा माल पुरवणारा त्याच्यासाठी थांबत नाही. आपल्याकडच्या विणकरांनी हा धडा अनेकदा गिरवला आहे.

१९७८ मध्ये डेपाये मोनॅकोत जिंकले. त्यानंतर खेळ पालटला. रेनो, फेरारी, बीएमडब्ल्यू, होंडा यांनी टर्बो इंजिने आणली. ती बाजारात विकत मिळत नसत. कंपनी ज्याला देईल त्यालाच. वाऱ्याचे बोगदे, कार्बन फायबरचे सांगाडे, आणि त्यासाठी तंबाखू कंपन्यांचा अफाट पैसा. टायरेल यांच्याकडे कधी प्रायोजक असे, कधी गाडीवरची जागा कोरीच राहत असे. तरीही मिकेले आल्बोरेटो या इटालियन तरुणाला त्यांनी हेरले आणि त्याने १९८२ मध्ये लास वेगास आणि ५ जून १९८३ रोजी डेट्रॉइट जिंकले. टायरेल संघाचा हा शेवटचा विजय. कॉसवर्थच्या त्या जुन्या घराण्यातल्या इंजिनाचाही शेवटचाच, १५५ वा.

१९८४ साल सगळ्यांत कडू. टर्बो नसलेला संघ जवळजवळ तेवढाच उरला होता. श्टेफान बेलोफ आणि मार्टिन ब्रंडल ही दोन्ही नवी पोरे. मोनॅकोच्या पावसात बेलोफ सर्वांत मागून निघून तिसरा आला, डेट्रॉइटमध्ये ब्रंडल दुसरा. मग तपासणी झाली. शर्यतीच्या उत्तरार्धात गाडीच्या टाकीत पाणी भरले जाई आणि त्यात शिशाचे छर्रे मिसळलेले होते. आरोप असा की गाडी नियमापेक्षा हलकी पळवायची आणि शेवटी वजन भरून काढायचे. शिवाय पाण्यात इंधनाचे अंश सापडल्याचे सांगण्यात आले. टायरेल यांनी इंधनाचा आरोप शेवटपर्यंत नाकारला. अपील फेटाळले गेले, वर्षभराचे सगळे गुण काढून घेतले आणि उरलेल्या शर्यतींना बंदी झाली. छर्रे होते हे खरे आहे. त्याच सुमारास इंधनाच्या नियमाबाबत बड्या संघांना हवा असलेला बदल टायरेल यांच्या एका मतामुळे अडला होता, हेही खरे आहे. हात मिळवून व्यवहार करणाऱ्या माणसाच्या नावावर हा डाग राहिला आणि त्याची सल त्यांना अखेरपर्यंत होती.

मोडून पडले असते तर ते टायरेल कसले? १९८७ मध्ये बिनटर्बो गाड्यांसाठी ठेवलेला संघांचा चषक त्यांनी जिंकला. १९९० मध्ये ज्याँ आलेझी या तरुणाने अमेरिकेत फिनिक्सच्या रस्त्यांवर आयर्टन सेनाला कितीतरी फेऱ्या मागे ठेवले आणि अखेर दुसरा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी हार्वे पोसलथ्वेट आणि ज्याँ-क्लोद मिजो या अभियंत्यांनी टायरेल ०१९ ही गाडी काढली. तिचे नाक जमिनीपासून वर उचललेले होते, म्हणजे गाडीखालून वारा जास्त जाईल आणि गाडी रस्त्याला दाबून धरली जाईल. काही वर्षांत जवळजवळ सर्वांनी ते नाक उचलले. कल्पना लहान संघाची होती, पैसा मोठ्या संघांकडे होता. आलेझीही पुढच्या वर्षी फेरारीत गेला.

१९९७ च्या अखेरीस, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, केन यांनी संघ ब्रिटिश अमेरिकन टोबॅको कंपनीला विकला. एक मोसम जुन्या नावाने चालवायचा होता. पण नव्या मालकांनी निवडलेला चालक त्यांना पटला नाही. केन मोसम सुरू होण्याआधीच निघून गेले. चालक कोण बसणार, ही एकच गोष्ट त्यांनी चाळीस वर्षे स्वतःच्या हातात ठेवली होती. ती गेल्यावर तिथे थांबण्यात त्यांना अर्थ दिसला नाही. १ नोव्हेंबर १९९८ रोजी जपानमध्ये टायरेल नावाची गाडी शेवटची धावली. २५ ऑगस्ट २००१ रोजी कर्करोगाने केन टायरेल यांचे निधन झाले.

आपल्या देशातही असे वेड घेतलेली माणसे झाली. कोइम्बतूरच्या कापडगिरणीवाल्या घरातले एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन लावून परवडणाऱ्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या, तरुणांना त्यांत बसवले, आणि आज तिथल्या मैदानाला त्यांचे नाव आहे. टायरेल यांची जातकुळी हीच.

टायरेल यांनी विकलेल्या संघाचे पुढे काय झाले तेही ऐकण्याजोगे आहे. १९९९ मध्ये तो बार या नावाने धावू लागला, कारखाना दुसरीकडे गेला. मग तो होंडाने घेतला. होंडाने हात काढल्यावर २००९ मध्ये ब्रॉन या नावाने तो एकच वर्ष धावला आणि विश्वविजेता झाला. २०१० पासून त्याचे नाव मर्सिडीज आहे. २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे संघाचे अजिंक्यपद त्यानेच जिंकले. ओकहॅमची ती लाकडी शेडही मोडीत गेली नाही. तिच्या फळ्या सोडवून ती गुडवुडच्या मैदानावर पुन्हा उभी केली आहे, जिथे एका दुपारी केन यांनी घड्याळ हातात धरून एका शाळा सुटलेल्या मुलाची परीक्षा घेतली होती. रविवारी नातवंडे टीव्हीवर मर्सिडीजच्या गाड्या पाहत असतील, तेव्हा त्यांना जरूर सांगा की या घराण्याचा मूळपुरुष एक लाकूडवाला होता, आणि स्वतः गाडीतून उतरला तेव्हा त्याचे खरे काम सुरू झाले.